आकाशातल्या मोहिमेची रंगीत तालीम

१४ एप्रिल १९९४ची सकाळ. उत्तर इराकच्या डोंगराळ मुलखावरून अमेरिकी लष्कराची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर चालली होती. कुर्दांच्या संरक्षणासाठी तिथे अनेक देशांची संयुक्त मोहीम सुरू होती. त्या मोहिमेतले अमेरिकी, ब्रिटिश, फ्रेंच आणि तुर्की अधिकारी व काही कुर्द सहकारी त्या हेलिकॉप्टरमध्ये होते. त्याच आकाशात अमेरिकी हवाई दलाची दोन एफ-१५ विमाने गस्तीला आली. खाली काहीतरी संथपणे उडताना त्यांच्या रडारला दिसले. वैमानिकांनी जवळून एक फेरी मारली, ही इराकची हिंड जातीची हेलिकॉप्टर आहेत असा निष्कर्ष काढला आणि क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही ब्लॅक हॉक कोसळली. २६ माणसे गेली, एकही वाचला नाही.

हवा स्वच्छ होती. या सगळ्यावर लक्ष ठेवण्यासाठी अवॅक्स हे उडते रडार-केंद्र वर घिरट्या घालत होते आणि त्यात नियंत्रकांचा मोठा चमू बसलेला होता. हेलिकॉप्टरचे वैमानिक, लढाऊ विमानांचे वैमानिक, अवॅक्समधले नियंत्रक, सगळे आपापल्या कामात प्रशिक्षित होते. तरीही हेलिकॉप्टर एका रेडिओ लहरीवर बोलत होती आणि लढाऊ विमाने दुसऱ्या. मित्र-शत्रू ओळखणाऱ्या यंत्रात हेलिकॉप्टरनी लावलेला कोड त्या क्षेत्राचा नव्हता. तो बदलायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. अवॅक्समध्ये हेलिकॉप्टरची माहिती असलेला नियंत्रक वेगळा होता आणि लढाऊ विमानांशी बोलणारा वेगळा.

या प्रकरणातला एक तपशील आजच्या विषयाच्या गाभ्याशी जातो. या मोहिमेसाठी तुर्कस्तानला निघण्यापूर्वी अवॅक्सच्या या क्रूसाठी सिम्युलेटरवर सराव ठेवलेला होता. पण त्या वेळी क्रूमधली काही महत्त्वाची माणसे हजरच नव्हती. सरावातले नकाशे जुने होते. आणि त्या काल्पनिक आकाशात आपल्या बाजूच्या विमानांची जी यादी होती, तिच्यात ब्लॅक हॉकचे नावच नव्हते. म्हणजे सिम्युलेटर होता, सरावही झाला. पण जे पुढे एकत्र काम करणार होते ते तिथे एकत्र आले नाहीत.

अमेरिकी लष्करातले अधिकारी आणि अभ्यासक स्कॉट स्नूक यांनी २००० साली या घटनेवर एक आख्खे पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे, की प्रत्येक गट रोजच्या कामात लेखी नियमांपासून थोडाथोडा दूर सरकत जातो. प्रत्येकाचे सरकणे त्याच्या जागी शहाणपणाचेच असते. पण एखाद्या दिवशी सगळ्यांना एकमेकांशी घट्ट जुळवून काम करावे लागते, आणि तेव्हा कळते की कोणाचाच सांधा कोणाला बसत नाही. प्रत्येक क्रू निष्णात असूनही दोन क्रूंच्या मधली जागा कच्ची राहू शकते. ती जागा पक्की करण्याच्या सरावाला सामूहिक प्रशिक्षण म्हणतात, आणि गेल्या चार दशकांत ते करण्याचे सर्वांत प्रभावी साधन म्हणून एकमेकांना जोडलेले सिम्युलेटर पुढे आले आहेत.

एका माणसापासून एका क्रूपर्यंत

सिम्युलेटरची सुरुवात एकट्या वैमानिकापासून झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि स्वयंचलित पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथल्या हवेच्या भात्यांचे तंत्र वापरून लिंक यांनी १९२९ साली एक छोटे खोटे विमान तयार केले. दांडी हलवली की ते कलायचे, वळायचे. सुरुवातीला त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवेत, केवळ उपकरणांवर विसंबून उडता न आल्याने अनेक वैमानिक मेले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची यंत्रे विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांच्यावर शिकले.

त्याच लिंक यांनी महायुद्धाच्या काळात आणखी एक यंत्र बनवले, ज्याची आठवण फारशी काढली जात नाही. रात्री ताऱ्यांच्या आधारे दिशा शोधत लांबचा पल्ला गाठणाऱ्या बॉम्बर विमानांसाठी ते होते. धान्याच्या कोठारासारख्या उंच इमारतीत विमानाचा एक सांगाडा टांगलेला असे, वर घुमटात तारे फिरत आणि खाली जमिनीची चित्रे सरकत. त्यात वैमानिक, दिशादर्शक आणि बॉम्ब टाकणारा असे एकत्र बसून पूर्ण मोहीम उडवत. दिशादर्शकाने चुकीचा कोन सांगितला तर वैमानिक चुकीच्या दिशेला जाई आणि बॉम्ब टाकणाऱ्याला लक्ष्य सापडतच नसे. एकाची चूक दुसऱ्याच्या कामात कशी झिरपते, हे जमिनीवर बसून दाखवणारी ही पहिल्या काही सोयींपैकी एक.

पण ही सोय एका विमानापुरती होती. युद्धात विमाने एकेकटी उडत नाहीत.

मोहिमेत किती सांधे असतात

हेलिकॉप्टरमधून सैनिक उतरवण्याची मोहीम घ्या. तिचे नियोजन शेवटापासून मागे येते. सैनिकांनी अमुक वाजून अमुक मिनिटांनी जमिनीवर पाय ठेवायचा, हे आधी ठरते. मग त्या क्षणापासून मागे मोजत मार्ग, इंधन, सैनिक चढवण्याची जागा, उड्डाणाची वेळ ठरते. उतरण्याच्या जागेवर आधी तोफखान्याचा मारा होणार असतो. तो हेलिकॉप्टर पोचण्याच्या काही क्षण आधी थांबायला हवा. लवकर थांबला तर शत्रू डोके वर काढतो, उशिरा थांबला तर आपलेच गोळे आपल्यावर. सोबतीला हल्ला करणारी हेलिकॉप्टर असतात, त्यांनी कोणत्या बाजूला राहायचे हे ठरलेले असते. वर एखादे मानवरहित विमान चित्रे पाठवत असते. जखमींना न्यायला वेगळे हेलिकॉप्टर तयार ठेवलेले असते.

मोठ्या वाहतूक हेलिकॉप्टरच्या आतही हीच गुंफण असते. ब्रिटिश हवाई दलाच्या चिनूकमध्ये पुढे दोन वैमानिक आणि मागे दोन क्रूमन असतात. धूळ उडाली की वैमानिकाला खालचे काही दिसत नाही. तेव्हा मागचा क्रूमन दारातून किंवा खालच्या झडपेतून वाकून बघतो आणि इंटरकॉमवर सांगत राहतो: पुढे पाच, पुढे तीन, डावीकडे एक, थांब. त्या आवाजावर कित्येक टनांचे यंत्र जमिनीला टेकते. आता अशी चार हेलिकॉप्टर एकामागून एक त्याच धुळीत उतरत आहेत आणि दुसऱ्याने शेवटच्या क्षणी पुन्हा वर उचलायचे ठरवले, तर तो कोणत्या बाजूला निघेल हे तिसऱ्याला आधीच माहीत असले पाहिजे.

नाटकातल्या मंडळींना हे चांगले कळेल. प्रत्येक नट घरी आपले संवाद पाठ करू शकतो. पण अंधार झाल्यावर टेबल कोण उचलणार, कोणी कोणत्या विंगेतून यायचे आणि प्रकाश नेमका कोणत्या शब्दावर टाकायचा, हे रंगीत तालमीतच ठरते.

ती तालीम झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण म्हणून २४ एप्रिल १९८०च्या रात्रीची आठवण काढली जाते. इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकी नागरिकांना सोडवण्यासाठी निमिट्झ या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टर निघाली. वाळूच्या धुरळ्याने आणि बिघाडांनी त्यातली सहाच वाळवंटातल्या भेटीच्या जागी पोचली आणि त्यातलेही एक निकामी ठरले. मोहीम रद्द झाली. परत निघताना धुळीत एक हेलिकॉप्टर उभ्या असलेल्या वाहतूक विमानावर आदळले आणि आठ जण मेले. नौदलाची हेलिकॉप्टर, ती चालवणारे बहुतेक मरीन दलाचे वैमानिक, हवाई दलाची विमाने आणि लष्कराचे कमांडो असा तो मेळ होता. नंतर ॲडमिरल हॉलोवे यांच्या समितीने तपासणी केली, तेव्हा सगळ्या दलांनी मिळून एकदाही पूर्ण तालीम केली नव्हती हे ठळकपणे पुढे आले. त्या अपयशानंतर अमेरिकी लष्कराने विशेष मोहिमांसाठी स्वतंत्र हेलिकॉप्टर पथक उभारले.

खऱ्या आकाशाच्या मर्यादा

मग खऱ्या आकाशातच तालीम का करू नये? केली जाते, आणि केलीच पाहिजे. व्हिएतनाम युद्धाच्या अभ्यासातून अमेरिकी हवाई दलाला एक गोष्ट जाणवली होती. पहिल्या दहा लढाऊ मोहिमांतून जो वैमानिक जिवंत परत येई, त्याची पुढे तगण्याची शक्यता पुष्कळ वाढे. तेव्हा त्या पहिल्या दहा मोहिमा घरीच उडवू द्याव्यात, असा विचार मेजर रिचर्ड सूटर यांनी मांडला. त्यातून १९७५ साली नेवाडामधल्या नेलिस तळावर रेड फ्लॅग हा सराव सुरू झाला. भारतीय हवाई दलानेही २००८ साली तिथे सुखोई-३० नेऊन भाग घेतला.

पण असे सराव रोज करता येत नाहीत. शेकडो विमाने एका जागी आणायची तर इंधन, देखभाल आणि प्रवास यांचा खर्च प्रचंड. सुरक्षेचे नियम पाळावे लागतात आणि ते योग्यही असतात. पण त्यामुळे जिवावर बेतणारे प्रसंग खऱ्या उड्डाणात घडवता येत नाहीत. शत्रूच्या रडारला बधिर करणारी उपकरणे पूर्ण ताकदीने चालवली तर आसपासच्या नागरी विमानांची आणि मोबाइल यंत्रणांची गडबड उडते. शिवाय वरून दुसऱ्या देशांचे उपग्रह बघत असतात. आपली सगळ्यात मोलाची युक्ती उघड्या आकाशात दाखवायला कोण तयार होईल? आणि आजच्या क्षेपणास्त्रांचे पल्ले इतके लांबले आहेत, की त्यांना पुरेल एवढे मोकळे आकाश फार थोड्या देशांकडे आहे.

थॉर्प यांचा प्रश्न

जॅक थॉर्प हे अमेरिकी हवाई दलातले अधिकारी आणि मानसशास्त्राचे अभ्यासक. १९७८ साली त्यांनी एका टिपणात सिम्युलेटरबद्दलचा नेहमीचा प्रश्नच बदलला. तोवर विचार असा होता, की विमानात जे शिकवता येते ते सिम्युलेटरमध्ये स्वस्तात कसे शिकवावे. थॉर्प म्हणाले, शांततेच्या काळात विमानात जे शिकवताच येत नाही, त्यासाठी सिम्युलेटर वापरा. अनेक क्रूंनी मिळून, विचार करणाऱ्या शत्रूविरुद्ध लढणे ही अशीच गोष्ट होती. त्यासाठी सिम्युलेटर एकमेकांना जोडायला हवे होते.

थॉर्प पुढे अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेत आले आणि १९८३ साली लष्कराच्या साथीने सिमनेट हा प्रकल्प सुरू झाला. जाळ्याचे काम बीबीएन या कंपनीकडे होते. आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अर्पानेटची यंत्रेही तिनेच बनवली होती. सुरुवात रणगाड्यांपासून झाली आणि लवकरच अलाबामातल्या फोर्ट रकर या लष्करी विमानविद्येच्या तळावर हेलिकॉप्टरचे सिम्युलेटरही त्यात आले. १९९०पर्यंत सुमारे अडीचशे सिम्युलेटर जोडले गेले होते.

थॉर्प यांची सगळ्यात धाडसी कल्पना खर्चाची होती. त्या काळी चांगल्या सिम्युलेटरची किंमत खऱ्या यंत्राच्या घरात जाई, कारण प्रत्येक बटण खरे असावे असा आग्रह असे. थॉर्प यांच्या चमूने विचारले: माणसाला त्या क्षणी निर्णय घ्यायला नेमके काय लागते? तेवढे खरे ठेवा. बाकीचे नुसते रंगवले तरी चालेल. सिमनेटच्या रणगाड्याचे कवच फायबरग्लासचे होते आणि काही उपकरणे चक्क रंगवलेली होती. पण रेडिओ होता, आवाज होता, धक्का होता, आणि समोर दिसणारा दुसरा रणगाडा दुसऱ्या गावात बसलेली खरी माणसे चालवत होती. काही मिनिटांत सैनिक कवच विसरून लढाईत गुंतत. एकट्याच्या कौशल्यासाठी हुबेहूब कॉकपिट लागते. सांघिक निर्णयासाठी समोर खरी माणसे लागतात.

जोडणी चालते कशी

वेगवेगळ्या शहरांतल्या शंभर सिम्युलेटरना एकच जग दिसावे, यासाठी एखादा महाकाय मध्यवर्ती संगणक लागेल असे वाटते. सिमनेटने उलटी वाट धरली. प्रत्येक सिम्युलेटरने त्या जगाची संपूर्ण प्रत स्वतःकडे ठेवायची आणि जाळ्यावर फक्त स्वतःबद्दल बोलायचे: मी इथे आहे, या दिशेने तोंड आहे, या वेगाने चाललो आहे.

तरी प्रत्येकाने क्षणोक्षणी हे सांगितले तर जाळे तुंबेल. त्यावर उपाय जुन्या दर्यावर्दींच्या हिशोबातला होता. जहाजाचा वेग आणि दिशा माहीत असली, की तासाभराने ते कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक सिम्युलेटर इतरांबद्दल असाच अंदाज बांधत राहतो. यातली खुबी अशी, की तो स्वतःबद्दलही तोच अंदाज बांधतो. माझी खरी जागा आणि इतरांच्या अंदाजातली माझी जागा यांत ठरलेल्या मर्यादेहून जास्त फरक पडला, की मगच तो नवा संदेश सोडतो. सरळ उडणारे विमान जवळजवळ गप्प असते, गिरक्या घेणारे सतत बोलते. या पद्धतीवर आधारलेले मानक १९९३ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने स्वीकारले आणि २०००च्या सुमारास त्याहून व्यापक असे दुसरे आले. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच आकाशात उडू लागली.

संदेश पोचायला वेळ लागतो, आणि तिथे गणित कडक होते. ताशी २६० किलोमीटरने उडणारे हेलिकॉप्टर सेकंदाला ७२ मीटर जाते. संदेशाला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तर ते सात मीटर पुढे गेलेले असते. तीन दशांश सेकंद उशीर झाला तर जवळपास २२ मीटर. ब्लॅक हॉकच्या मुख्य रोटरचा व्यास १६ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे जवळजवळ उडणाऱ्या ताफ्यात शेजारचे हेलिकॉप्टर पडद्यावर एका आख्ख्या रोटरहून जास्त अंतराने चुकीच्या जागी दिसू शकते. म्हणूनच जवळच्या हालचालींसाठी उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची शिफारस आहे.

याहून अवघड प्रश्न जमिनीचा. हेलिकॉप्टर झाडीआड, टेकडीआड दडून लढतात. एका सिम्युलेटरच्या नकाशात टेकडी दहा मीटर उंच आणि दुसऱ्याच्या नकाशात सहा मीटर असेल, तर एकाला वाटते मी लपलो आहे आणि दुसऱ्याला त्याचा रोटर स्पष्ट दिसतो. मग तो मारला जातो आणि चुकीचा धडा शिकतो. दोन्ही बाजूंना लढत न्याय्य वाटावी यासाठी भूभागाची माहिती, हवामान, रात्रीचा प्रकाश, क्षेपणास्त्राचे वर्तन हे सगळे जुळवावे लागते. जोडणीतला सर्वांत मोठा कष्टाचा भाग हाच असतो.

ट्रेलरमधली पथके

अमेरिकी लष्कराने हेलिकॉप्टर पथकांसाठी या कल्पनेला २०००नंतरच्या दशकात चाके लावली. ॲव्हकॅट नावाची ही व्यवस्था दोन लांबलचक ट्रेलरमध्ये मावे. त्यात सहा कॉकपिट असत आणि प्रत्येक कॉकपिट गरजेप्रमाणे अपाची, ब्लॅक हॉक, चिनूक किंवा कायोवा असे बदलून घेता येई. मोठ्या पडद्यांऐवजी वैमानिकाच्या शिरस्त्राणावर बसवलेल्या पडद्यात बाहेरचे दृश्य दिसे. एका खोलीत नियंत्रक बसत: कोणी शत्रू होई, कोणी तोफखान्याचा अधिकारी, कोणी जमिनीवरच्या तुकडीचा रेडिओ. शेवटी चर्चेची खोली. गावोगावी विखुरलेल्या राखीव दलाच्या हेलिकॉप्टर पथकांकडे हे ट्रेलरच जात. इराक आणि अफगाणिस्तानला निघण्यापूर्वी विमानविद्या ब्रिगेडमधली पथके फोर्ट रकरला येऊन अशाच जोडलेल्या कॉकपिटमध्ये आपल्या कमांडरसह मोहिमा उडवत.

ब्रिटनने ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सन तळावर वेगळी वाट निवडली. तिथे चिनूक, मर्लिन आणि प्यूमा यांचे हलणारे, तपशीलवार असे सहा सिम्युलेटर एका इमारतीत आणून एकमेकांना आणि एका सामरिक नियंत्रण कक्षाला जोडले. मागचे क्रूमनही त्या सरावात सामील होतात. म्हणजे एकट्याचे कौशल्य आणि ताफ्याची मोहीम, दोन्हींचा सराव एकाच छताखाली. हवाई दलाच्या लढाऊ विमानांसाठी ब्रिटनने पुढे वॉडिंग्टन तळावर ग्लॅडिएटर नावाचे जाळे उभारले. दूरच्या तळांवरचे वैमानिक त्यावर एकाच आकाशात येतात.

खरे शिक्षण नंतरच्या खोलीत

या यंत्रांकडे बघताना लक्ष पडद्यांवर जाते. पण ज्यांनी असे सराव घेतले आहेत ते सांगतात, की शिकणे सगळ्यात जास्त होते ते उड्डाणानंतरच्या उजळणीत. अमेरिकी लष्कराने कॅलिफोर्नियातल्या फोर्ट अर्विनच्या सरावभूमीवर ही पद्धत घडवली. तीत कोण चुकले हे विचारत नाहीत. काय ठरले होते, काय घडले, का घडले आणि पुढच्या वेळी काय करायचे, या क्रमाने बोलतात. हुद्दा बाहेर ठेवून यायचे असते.

सिम्युलेटरने या चर्चेला पुरावा दिला. सगळे संदेश साठवलेले असल्याने लढाई मागे नेऊन पुन्हा चालवता येते, आणि कोणाच्याही जागी बसून बघता येते. सिमनेटमध्ये यासाठी एक अदृश्य निरीक्षक-वाहन होते. त्यातून शिक्षक रणांगणात कुठेही तरंगत जाऊन पाहू शकत. मग एखादा वैमानिक म्हणतो, "मी तर रेडिओवर सांगितले होते", आणि ध्वनिमुद्रणात ऐकू येते की त्या क्षणी दुसरा क्रू त्याच लहरीवर बोलत होता. कोणीही खोटे बोलत नव्हते. दोघांनाही पहिल्यांदाच कळते, की आपल्या मधली जागा कशी दिसते.

हे तंत्र उलट्या दिशेनेही वापरले गेले. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात ७३ ईस्टिंग नावाने ओळखली जाणारी रणगाड्यांची लढाई झाली. युद्धानंतर काही आठवड्यांत संशोधकांचा चमू तिथे गेला, वाळूतल्या खुणा मोजल्या, सैनिकांशी बोलला आणि ती लढाई सिमनेटच्या तंत्राने जशीच्या तशी उभी केली. एकदा घडलेली लढाई त्यानंतर पुन्हा पुन्हा शिकता आली.

जे पडद्यावर येत नाही

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट बोलायला हव्यात. कोसळून पुन्हा सुरुवात करता येते हे ठाऊक असलेला माणूस कधीकधी जास्तच धाडस करतो. रात्रभर थंडीत काम करून आलेला थकवा आणि मानेवर बसणारा गुरुत्वाचा भार वातानुकूलित खोलीत येत नाही. डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि शरीराला जाणवणारी हालचाल जुळली नाही तर मळमळते. यंत्राचे वर्तन चुकीचे बसवले असेल तर हात चुकीचीच सवय धरतात, आणि अशी सवय नसलेल्या सवयीपेक्षा घातक. म्हणून सिम्युलेटरनंतर खरे उड्डाण हवेच. सध्या प्रयत्न आहे तो दोन्ही मिसळण्याचा: काही क्रू खऱ्या आकाशात, काही सिम्युलेटरमध्ये आणि शत्रूची काही विमाने निव्वळ संगणकाने चालवलेली, पण सगळ्यांच्या पडद्यांवर एकच मोहीम.

गोपनीयतेचा अडसरही मोठा आहे. एका विमानाची रडार-क्षमता दुसऱ्या दलाला किंवा मित्रदेशाला किती दाखवायची, हा प्रश्न तारा जोडण्याच्या आधी सुटावा लागतो.

आपल्याकडे

भारताला हा विषय दूरचा नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये हवाई चकमक सुरू असताना बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक ठार झाला. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले गेले, असे चौकशीत निघाले आणि तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ती मोठी चूक होती हे त्याच वर्षी जाहीरपणे मान्य केले. तो प्रामाणिकपणा मोलाचा होता. त्या दिवशी आकाशात लढाऊ विमाने, हेलिकॉप्टर आणि जमिनीवर क्षेपणास्त्रांचे पथक असे तिघे एकाच घाईत होते. असे प्रसंग सणासुदीच्या संचलनात किंवा रोजच्या उड्डाणात पुन्हा घडवून शिकता येत नाहीत. जोडलेल्या सिम्युलेटरमध्ये मात्र ते दर महिन्याला, नव्या माणसांसह, नव्या गोंधळासह घडवता येतात.

काही पाया आपल्याकडे आहे. बंगळुरूत हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी हॅट्सऑफ हे केंद्र २०१०च्या सुमारास सुरू केले. तिथे एकाच हलत्या मंचावर वेगवेगळ्या हेलिकॉप्टरची कॉकपिट बदलून बसवता येतात. संरक्षण मंत्रालयाने सप्टेंबर २०२१मध्ये तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला.

महाराष्ट्रात तर या विषयाचे दोन सांधे एकाच शहरात आहेत. नाशिकच्या गांधीनगर धावपट्टीवर लष्कराच्या वैमानिकांना लढाऊ उड्डाण शिकवणारी शाळा २००३पासून आहे. २०२२ साली अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून तिथूनच बाहेर पडल्या. आणि तिथून जवळच देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. लष्कराची विमानशाखा मुळात तोफखान्याच्याच पोटी जन्मली: तोफांचा मारा वरून बघून दुरुस्त करणारे अधिकारी तिचे पहिले वैमानिक. १९८६ साली ती स्वतंत्र झाली. तोफेचा गोळा आणि हेलिकॉप्टर यांनी एकाच आकाशात एकमेकांना कसे चुकवायचे, हे शिकण्यासाठी याहून साजेशी जागा शोधून सापडणार नाही.

माझे म्हणणे असे, की सिम्युलेटर विकत घेतानाच जोडणीची अट करारात असावी. नंतर जोडायला गेले की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी निघते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. तिन्ही दलांसाठी भूभागाची माहिती एकच असावी. वैमानिक, क्रूमन, रडार-नियंत्रक, क्षेपणास्त्र पथकाचा अधिकारी आणि तोफखान्याचा निरीक्षक यांचे एकत्र बसण्याचे तास त्यांच्या प्रशिक्षणाच्या नोंदीत एकट्याच्या उड्डाणतासांइतक्याच मानाने लिहिले जावेत. आणि उजळणीच्या खोलीत बोललेला शब्द कोणाच्या बढतीच्या आड येणार नाही, याची हमी वरिष्ठांनी स्वतःच्या चुका आधी मांडून द्यावी. यातला शेवटचा मुद्दा सर्वांत कमी खर्चाचा आहे, आणि तो नसेल तर बाकीचे सगळे महागडे पडदे ठरतात.

यापुढे एखाद्या तळावर नवा सिम्युलेटर आल्याची बातमी वाचली, तर पडदा किती मोठा आणि किंमत किती कोटी यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. तो आणखी कोणाकोणाशी जोडलेला आहे? आणि त्यावर एकत्र बसणार कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे जितकी पक्की, तितके आपल्या क्रूंचे घरी परतणे पक्के.